झोपेतील श्वास आणि हृदय : संशोधनातील सहभागाचा माझा अनुभव

तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजाराचे, निदान झाल्यावर सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी मला विचारले की, उपचारांचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासणाऱ्या एका संशोधनात सहभागी व्हाल का. उपचार उपलब्ध असताना आता संशोधन कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता.

संमतिपत्र समजावताना संशोधकांनी त्याचे जे उत्तर दिले, ते मला सर्वांत मोलाचे वाटले. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांवरील ‘सेव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सीपॅपमुळे दिवसाची झापड कमी झाली, पण पुढचे हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र त्या रुग्णांनी मास्क रात्री सरासरी साडेतीन तासांहूनही कमी वेळ लावला होता. तेव्हा उपचार अपुरा की त्याचा वापर अपुरा, हा वाद उरलाच. चांगली झोप लागणे आणि हृदयाचे रक्षण होणे या दोन गोष्टी मी तोवर एकच धरून चाललो होतो.

निदानाच्या रात्री डोक्याला, हनुवटीला आणि पायांना तारा, छातीपोटाला पट्टे आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला होता. एवढ्या जंजाळात झोप लागते, हे आश्चर्यच! दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबण्याचे वा मंदावण्याचे प्रसंग तासाला तीसच्या पुढे गेले, की आजार तीव्र समजतात.

संशोधनासाठी चोवीस तास रक्तदाब मोजणारा पट्टा बांधला गेला. एरवी झोपेत रक्तदाब उतरतो. माझा जवळपास दिवसाइतकाच राहत होता. पुढे सीपॅप सुरू झाल्यावर त्या यंत्रातील नोंदींवरून दिसले की, मी मध्यरात्रीनंतर मास्क काढून ठेवत असे. तंत्रज्ञांनी सांगितले की, स्वप्नांची झोप पहाटेकडे अधिक असते, तिच्यात घशाचे स्नायू जास्त सैल पडतात आणि श्वासही बहुधा जास्त अडतो. म्हणजे नेमका तोच काळ उपचाराविना जात होता. त्यांनी लहान मास्क दिला आणि हवा दमट करण्याची सोय जोडली, तेव्हा वापर वाढला.

दुसऱ्या मोजणीत रात्रीचा रक्तदाब थोडा उतरलेला दिसला. मी सुखावलो; संशोधकांनी मात्र एका माणसाच्या आलेखावरून काहीही निष्कर्ष काढण्यास साफ नकार दिला.