गिसेन्यीच्या नाक्यावरचं दूध

किगालीत मावसभाऊ नोकरीला आहे म्हणून आम्ही रवांडाला गेलो, नाहीतर हा देश माझ्या यादीत कधीच नव्हता. मी आणि धाकटी जाऊ, दोघीच. ऑक्टोबर २०२५, तिकडचे पावसाचे दिवस. किगालीतले दोन दिवस चढ-उतार आणि झाडलेले रस्ते बघण्यात गेले. तिसऱ्या दिवशी गिसोझीच्या स्मारकात गेलो. १९९४ च्या नरसंहारात मारल्या गेलेल्या अडीच लाखांहून अधिक माणसांचं दफन त्या एका आवारात आहे. संध्याकाळी आम्ही दोघीही जेवलो नाही. गोरिला बघायला माणशी दीड हजार डॉलर पडतात हे ऐकल्यावर तो बेत आपोआप रद्द झाला, आणि भावानं किवू तळ्याकाठच्या गिसेन्यीची गाडी ठरवून दिली. निघताना म्हणाला, "ताई, तळं बघ, मासे खा, पण तिकडे कुणाला जातपात विचारत बसू नकोस." मी म्हटलं, मी कशाला विचारतेय?

गिसेन्यीला आता सरकारी कागदांत रुबावू म्हणतात. तळं खरंच सुंदर आहे, पलीकडे न्यिरागोंगो ज्वालामुखी धुरकटलेला. पण गिसेन्यी संपते कुठे आणि काँगोमधलं गोमा सुरू होतं कुठे, हे नवख्याला कळत नाही. घरांना घरं लागून आहेत. मध्ये एक रेघ आहे, ती १९१० साली जर्मन, बेल्जियन आणि इंग्रजांनी युरोपात बसून ठरवली. आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंनी खोली दाखवता दाखवता छताच्या पत्र्याकडे बोट केलं. एका ठिकाणी सिमेंटचा गोळा थापलेला. जानेवारीत गोमा बंडखोरांच्या हाती पडलं तेव्हा पलीकडून आलेली गोळी. त्या दिवसांत गिसेन्यीतही माणसं मेली. खोलीत गरम पाणी नव्हतं, त्याची तक्रार करायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरनं आम्हाला 'पेतित बारिएर'ला नेलं, म्हणजे धाकट्या नाक्यावर. पायी ये-जा करणाऱ्यांचा हा नाका. पंढरीच्या वाटेवर दिंडी निघाल्यासारखी माणसं चाललेली, फक्त दोन्ही दिशांना. डोक्यावर टोमॅटोच्या पाट्या, कोबीची पोती, अंड्यांचे ट्रे. पाय बांधून उलट्या धरलेल्या कोंबड्या. पाठीला कापडात बांधलेली बाळं. सगळ्यांत जास्त बायकाच. पोलिओनं पाय गेलेले काही जण तीनचाकी हातगाड्यांवर बसून स्वतःच्या उंचीएवढा माल नेत होते. शांततेच्या काळात इथून रोज हजारो माणसं ये-जा करायची. गोमा एम२३ बंडखोरांच्या हातात गेल्यावरही रांग थांबलेली नाही, कारण पोट थांबत नाही.

पाऊस आला तसं ड्रायव्हरनं आम्हाला जवळच्या दुधाच्या दुकानात घुसवलं. रवांडात चहाच्या टपऱ्यांसारखी दुधाची दुकानं असतात. स्टीलच्या मोठ्या भांड्यातून मगात ओतून देतात, गरम दूध साखर घालून किंवा थंड 'इकिवुगुतो', म्हणजे आपल्या घट्ट ताकाचीच चव. सोबत चपाती. होय, तिकडेही चपातीच म्हणतात, पूर्व आफ्रिकेत आपलेच लोक घेऊन गेले. जाड आणि तेलकट, पण परक्या मुलखात ती ताकाबरोबर खाताना मला फार बरं वाटलं.

समोरच्या बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. पायांत प्लास्टिकच्या चपला, मांडीवर घडी केलेलं फुलाफुलांचं कापड. ड्रायव्हर तिला 'मामा' म्हणून बोलायला लागला आणि आम्हाला इंग्रजीत सांगत गेला. बाई गोम्याची. पैसे काढायला आली होती. शहर पडल्यापासून तिथल्या बँका बंद आहेत, मुलगा युगांडातल्या कंपालाहून पाठवतो ते पैसे ती दर आठवड्याला नाका ओलांडून, पिवळ्या छत्रीखाली बसलेल्या मोबाइल एजंटाकडून घेते. आम्ही भारतातल्या हे कळल्यावर तिचा चेहरा खुलला. गोम्यात भारतीय लष्कराचं शांतिसेनेचं इस्पितळ आहे, तिच्या शेजारणीच्या पोराचा पाय तिथे बरा झाला होता. तिनं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिच्या आजोबांना बेल्जियन लोकांनी रवांडातून काँगोतल्या मासिसीच्या डोंगरात मळ्यांवर कामाला नेलं होतं. १९३७ पासून बेल्जियमनं अशी कितीतरी कुटुंबं हलवली. तेव्हा दोन्ही देश त्यांच्याच ताब्यात, त्यांना काय फरक पडत होता? पुढे झाईरनं, म्हणजे तेव्हाच्या काँगोनं, १९७२ मध्ये या लोकांना नागरिकत्व दिलं आणि १९८१ मध्ये काढून घेतलं. बाईची भाषा घरात किन्यारवांडा, बाजारात स्वाहिली. तिकडे तिला म्हणतात, तू रवांडाची, परत जा. इकडे नाक्यावर म्हणतात, तू काँगोची, संध्याकाळच्या आत परत जा.

हे ऐकता ऐकता माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला. "या हुतू की तुत्सी?"

ड्रायव्हरनं भाषांतर केलं नाही. त्यानं हातातला मग खाली ठेवला, दाराकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "मादाम, हे इथे विचारत नाहीत." दुकानदार भांडं पुसायचा थांबला होता. जावेनं टेबलाखालून माझा पाय दाबला. रवांडात १९३० च्या दशकात बेल्जियननी ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी अशी जमात छापली आणि १९९४ मध्ये तीच कार्डं रस्त्यारस्त्यावर तपासून तुत्सी माणसं कापली गेली. आता कार्डावर तो रकाना नाही. हे सगळं मी तीन दिवसांपूर्वी स्मारकात उभी राहून वाचलं होतं, डोळे पुसले होते. आपल्याकडे 'आडनाव काय?' म्हणून आपण जे चाचपतो, तीच खोड मी तिथवर घेऊन गेले होते. मला अजून त्या क्षणाची लाज वाटते.

शब्द कळले नसले तरी 'हुतू' आणि 'तुत्सी' कुठल्याही भाषेत तेच. बाईनं ते बरोबर ऐकलं. ती चिडली नाही. दुधाचा घोट संपवला, ओठ पुसले आणि ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. तो सांगावं की नको अशा विचारात पडला, मग म्हणाला, "ती म्हणते, तिकडे हे कुणी विचारत नाही. नाक बघतात, उंची बघतात आणि ठरवून टाकतात." तिच्या दिराला असंच ठरवून मारलं होतं. तो कोण होता, मारणारे कोणत्या बाजूचे, हे तिनं सांगितलं नाही आणि या वेळी मीही विचारलं नाही.

पाऊस ओसरल्यावर ती उठली. नोटा त्या फुलाफुलांच्या कापडात गुंडाळल्या, कापड कमरेला बांधलं, वरून दुसरं बांधलं. रांगेत उभी राहिली. नाक्यावरच्या पोरानं तिचा कागद उलटसुलट केला, हातानं जा म्हणाला, आणि ती टोमॅटोच्या पाट्यांमध्ये दिसेनाशी झाली.

रात्री झोप लागेना. व्हरांड्यात बसून मी फोनवर वाचत राहिले आणि चीड येत गेली. किती करार झाले म्हणून सांगू! १९९३ मध्ये रवांडाचं सरकार आणि तुत्सी बंडखोर यांच्यात अरुशाचा करार झाला, आठ महिन्यांत नरसंहार. जुलै १९९४ मध्ये आठ लाखांहून अधिक हुतू माणसं याच गावातून गोम्यात घुसली, त्यांत मारेकरीही होते. तिथली जमीन लाव्हाची, खड्डे खणता येईनात, कॉलऱ्यानं मेलेल्यांना पुरायला जागा मिळेना. मग काँगोतलं युद्ध थांबवायला १९९९ चा लुसाका करार, २००२ चा प्रिटोरियाचा. २३ मार्च २००९ ला काँगोनं तुत्सी बंडखोरांशी केलेला करार पाळला गेला नाही, असं म्हणत जे उठले त्यांनी ती तारीखच नाव म्हणून घेतली, तेच हे एम२३. १५ डिसेंबर २०२४ ला अंगोलातल्या लुआंडात काँगो आणि रवांडाचे राष्ट्राध्यक्ष भेटणार होते, ती बैठक ऐन वेळी बारगळली आणि सहा आठवड्यांत गोमा पडलं. २७ जून २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्र्यांच्या सह्या झाल्या. काँगोनं १९९४ च्या मारेकऱ्यांमधून उभी राहिलेली एफडीएलआर ही सशस्त्र टोळी संपवायची, रवांडानं आपले 'बचावाचे उपाय', म्हणजे पलीकडचं सैन्य, मागे घ्यायचे. घोडं पेंड खातं ते इथेच. तो म्हणतो आधी तुम्ही, हा म्हणतो आधी तुम्ही. एम२३ सोबत रवांडाचे हजारो सैनिक आहेत असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात, रवांडा नाकारतो. आणि मासिसीतच रुबायाची खाण, जिथून जगातलं सुमारे पंधरा टक्के कोल्टन नावाचं खनिज निघतं. ते आपल्या फोनमध्ये जातं. मी ज्या फोनवर हे वाचत होते त्यातही त्या डोंगराचा कण असेल.

सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. या भांडणाऱ्या शेजाऱ्यांना, रवांडा, बुरुंडी आणि तेव्हाच्या झाईरला, एकत्र आणायला १९७६ मध्ये ग्रेट लेक्स देशांचा आर्थिक संघ निघाला होता. तो स्थापन झाला गिसेन्यीत आणि त्याचं मुख्यालयही याच गावात. एकत्र येण्याची कल्पना इथे कुणाला नवी नाही. पण अलीकडच्या वाटाघाटी नैरोबीत, लुआंडात, दोहात, वॉशिंग्टनमध्ये. धाकट्या नाक्यावरच्या एका तरी बाईला कुणी टेबलाशी बसवायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. कुठला माल अडवला की कुणाचं घर उपाशी राहतं, हे तिला तोंडपाठ आहे.

समोर अंधारात होड्या निघाल्या होत्या. किवूवर तीन-तीन होड्या लांब बांबूंनी एकत्र बांधतात, मध्ये जाळं, आणि वल्ही मारताना कोळी गातात. पलीकडे गोम्याचे दिवे. मालकीणबाई शाल पांघरून येऊन बसल्या, त्यांचीही बहीण त्या दिव्यांत कुठेतरी होती. आम्ही दोघी काही बोललो नाही. सांबाझा नावाचे बोटाएवढे तळलेले मासे त्यांनी पुढे केले, मी खाल्ले. परतीच्या वाटेत मुसांझेला थांबलो, पाऊसच होता.

किगालीत भावाला सगळं सांगितलं. "ताई, तुला म्हटलं होतं ना," एवढंच तो म्हणाला.

४ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी सह्या केल्याची बातमी मी घरी बसून बघितली. मला खरंच आशा वाटली. आठवडाही उलटला नाही तोवर एम२३ दक्षिणेला उविरा शहरात शिरलं, हजारो माणसं बुरुंडीकडे पळाली. मी ड्रायव्हरला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं: नाका उघडा आहे, बायका ये-जा करताहेत, टोमॅटो महागलेत. त्या दुधाच्या दुकानातल्या मामाची चौकशी कर, असं लिहायला घेतलं आणि बोट थांबलं. कुठली मामा म्हणून सांगू? तिची जमात विचारली होती मी. नाव विचारलंच नव्हतं.