स्टेज २ आणि स्टेज ३ जुळले, एकदाचे

माझ्या भाषेचा कंपायलर (कोडवरून चालवता येणारी फाइल, म्हणजे बायनरी, बनवणारा प्रोग्रॅम) स्वतःलाच कंपाइल करतो. आधीच्या कंपायलरने बनवलेला तो स्टेज २, स्टेज २ ने त्याच कोडवरून बनवलेला तो स्टेज ३, आणि दोन्ही बाइट-न्-बाइट सारखे यायला हवेत. काल रात्री दोन्ही बायनऱ्या सीएमपीला (दोन फाइली ताडणारा प्रोग्रॅम, फरक असेल तरच बोलतो) दिल्या आणि त्याने एक अक्षरही छापलं नाही. तीनदा चालवून पाहिलं. मग मुद्दाम एक बाइट बदलून पाहिला, हा बोलतो तरी का म्हणून. बोलला.

मागच्या नोंदीत जुना अरीना (आधीच राखून ठेवलेला मेमरीचा मोठा तुकडा) उपटून सरळ मॅलॉकवर (लागेल तशी मेमरी देणारं सीचं फंक्शन) आल्याची फुशारकी मारली होती. दुखणं तिथूनच सुरू झालं. स्टेज २ आणि ३ वेगळे यायला लागले, तेही दर खेपेला वेगळ्या तऱ्हेने. टेस्ट सगळ्या हिरव्या, बायनऱ्या बिनतक्रार चालतात, फक्त आतल्या फंक्शनांचा क्रम इकडचा तिकडे.

जीडीबी हा डीबगर (चालत्या प्रोग्रॅममध्ये डोकावायचं हत्यार) काढला. त्याच्याखाली आउटपुट दर वेळी तंतोतंत तेच, बाहेर आलं की पुन्हा गोंधळ. डीबगरखाली बग गायब म्हटल्यावर हात आपसूक अनइनिशियलाइज्ड (किंमत न देताच वापरलेल्या) व्हेरिएबलकडे जातो. त्या शोधात दोन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी ट्यूब पेटली: लिनक्सवर जीडीबी प्रोग्रॅम सुरू करतानाच एएसएलआर (प्रोग्रॅमचे मेमरीतले पत्ते दर वेळी बदलणारी सोय) बंद करतो! जीडीबी सोडून नुसतं सेटआर्क या कमांडने एएसएलआर बंद केलं, तर क्रम लगेच जागच्या जागी. म्हणजे कुठेतरी मेमरीच्या पत्त्यावरून क्रम ठरतोय.

सापडलं सिंबल टेबलात, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नावांच्या तक्त्यात. नावं इंटर्न केलेली (प्रत्येक नावाची मेमरीत एकच प्रत), म्हणून तुलना पॉइंटरची, म्हणजे पत्त्याची, आणि हॅशही (टेबलातलं घर ठरवणारा आकडा) पॉइंटरचाच: पत्ता ४ बिट उजवीकडे सरकवायचा, टेबलाच्या आकाराने (तो कायम दोनचा घात) भागून बाकी घ्यायची. कोड माझाच, अगदी पहिल्या आवृत्तीतला. जुना अरीना म्हणजे एक ग्लोबल अ‍ॅरे आणि बायनरी पीआयई (मेमरीत कुठेही बसवता येणारी) नव्हती, त्यामुळे पत्ते कायम तेच. इतकी वर्षं अरीनाने माझं पाप झाकून ठेवलं होतं.

मग टेस्ट कशा पास होत होत्या? हे कोडं सोडवताना मात्र मजा आली. मेमरीचं पान ४०९६ बाइटचं. एएसएलआर हीपला (मॅलॉक जिथून मेमरी देतो तो भाग) पानाच्या पटीत हलवतो, म्हणजे पत्त्याचे खालचे १२ बिट जागचे हलत नाहीत. त्यातले ४ सरकवून टाकले की उरले ८. टेबल २५६ घरांचं किंवा लहान असेल तोवर घर दर वेळी तेच! टेस्टमधले प्रोग्रॅम दहा-वीस फंक्शनांचे. २५६ ओलांडणारा माझ्याकडे एकच प्रोग्रॅम, तो म्हणजे कंपायलर.

आता प्रत्येक इंटर्न नावाला अनुक्रमांक दिला आहे आणि हॅश त्याचा घेतो. चार ओळींचा बदल.

तरी जुळेना. क्रम बसला, पण सात-सात बाइटचे तुकडे वेगळे. डिफोस्कोपने (फाइलींतला फरक त्यांच्या रचनेनुसार दाखवणारा प्रोग्रॅम) सरळ मॉड्यूलच्या मेटाडेटावर बोट ठेवलं (सीएमपीचे ऑक्टल आकडे वाचत बसू नका, हे हत्यार आधी काढा). तिथे १ बाइटचा टॅग, मग ८ बाइटचा ऑफसेट, मधे ७ बाइट पॅडिंग (नुसती भरीची रिकामी जागा), आणि मी अख्खा स्ट्रक्ट (या फील्डांचा गठ्ठा) उचलून फाइलीत ओतत होतो. पॅडिंगमध्ये हीपवरचा कचरा. व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका पकडणारा प्रोग्रॅम) पहिल्या संध्याकाळपासून नेमकं हेच ओरडत होता आणि मी ‘फाइल लिहिण्यातलं आहे, नंतर बघू’ म्हणून बाजूला सारलं होतं. आता एकेक फील्ड स्वतंत्र लिहितो.

लायब्ररीच्या बाजूला एकच गोष्ट झाली, पण गोड. स्ट्रिंगवरचं ‘लेन’ (लांबी सांगणारं फंक्शन) काढून टाकलं. ‘नमस्ते’ची लांबी बाइटांत १८, कोडपॉइंटांत (युनिकोडमधली सुटी चिन्हं) ६. ग्राफीममध्ये (वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं) जुन्या तक्त्यांनी ४ यायची, कारण ‘स्’ आणि ‘ते’ वेगळे मोजले जायचे. युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षरांचा नियम आला, त्याचे तक्ते घातल्यावर ३ आली. आता तीन लांब्यांना तीन नावं. जुना कोड मोडेल, मोडू दे.

पुढचा बेत एरर मेसेजचा होता. त्याआधी डीबग बिल्डमध्ये हॅशमॅपचा (हॅशवरून नोंद शोधणाऱ्या टेबलाचा) क्रम मुद्दाम पिसायचा असं ठरवत होतो. गो भाषेत मॅपवर फिरताना क्रम मुद्दामच बेभरवशाचा ठेवलाय, तसं. पण हे लिहितानाच वाटतंय, उलट का करू नये? पायथनने ३.७ पासून डिक्शनरीत घालण्याच्या क्रमाची हमीच दिली आहे. लायब्ररीच्या मॅपने तेच केलं तर हॅश पत्त्याचा असो की अनुक्रमांकाचा, फिरण्याचा क्रम बदलणारच नाही. नोंदी एका सलग अ‍ॅरेत, टेबलात नुसते त्यांचे इंडेक्स. नोंद काढल्यावर अ‍ॅरेत पडणाऱ्या भोकांचं काय करायचं तेवढं अजून सुचलेलं नाही.

ब्रँच उघडली आहे. एरर मेसेज पुन्हा लांबणीवर.