पेनकिलरच्या स्ट्रिपवर मागे काय लिहिलंय ते बघता का?

आईच्या गोळ्यांचा डबा मीच भरते, तिला दोन्ही गुडघ्यांचा संधिवात आहे, आणि हा डबा भरता भरताच मला एक सवय लागली ती म्हणजे प्रत्येक स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातलं आतल्या औषधाचं नाव वाचायचं. पुढे मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव, त्यावरून काहीच कळत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल मिळून असते, दातांच्या डॉक्टरांनी दिलेली डायक्लोफिनॅकची असते, आणि डोकं दुखलं म्हणून घरातली घेतली ती आयब्युप्रोफेनची. नावं तीन, पण पोटाच्या आणि किडनीच्या दृष्टीने तिन्ही एकाच घरातल्या! अशा दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर दुखणं दुप्पट थांबत नाही, त्रास मात्र वाढतो.

असं का होतं ते १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवलं (१९८२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं). आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, सूज आणि वेदना त्यांच्यामुळे वाढते, आणि या गोळ्या ती तयार होणंच कमी करतात. पण हीच रसायनं पोटाचं अस्तर सांभाळतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही नीट ठेवतात, त्यामुळे गुडघ्याला आराम देताना गोळी या दोन्ही ठिकाणचं संरक्षणही काढून घेते. म्हणूनच "इंजेक्शन घेतलं की पोटाला काही होत नाही" हे खरं नाही, औषध रक्तातून सगळीकडे जातंच. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होईल कदाचित, पण अल्सरचा, म्हणजे पोटात आतून जखम होण्याचा, धोका तेवढ्याने जात नाही. वय पासष्टच्या पुढे असेल किंवा आधी अल्सर झालेला असेल तर डॉक्टर सोबत ओमेप्रॅझोलसारखी पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी देतात, ती फालतू समजून वगळू नका प्लीज.

आणि अल्सर दरवेळी दुखून सांगत नाही हो, कधी कधी थेट रक्तस्रावच होतो. डांबरासारखी काळी चिकट शी झाली, उलटीत रक्त दिसलं, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते हे खरं, पण तसं आहे का ते डॉक्टरांना ठरवू द्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बीपीच्या पेशंटची. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यात ही पेनकिलर, असं तिन्ही एकत्र झालं की किडनीवर एकदम ताण येतो, जुलाब-उलट्या होऊन शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर फारच. शिवाय बीपीही वाढतं. हृदयाचा त्रास असेल तर डायक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब या पेनकिलर स्वतःच्या मनाने अजिबात नको. रोफेकॉक्सिब हे याच घरातलं, पोटाला सौम्य म्हणून आलेलं औषध हार्ट अटॅकचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये बाजारातून काढावं लागलं होतं. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिचा परिणाम अडवू शकतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत तर रक्तस्रावाची भीती आहेच.

एकाच गुडघ्याचं किंवा बोटांचं दुखणं असेल तर आधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून बघायला काय हरकत आहे? गोळीच्या मानाने त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. गोळी घ्यावीच लागली तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस.

आणखी एक, सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील तर तो संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो) असू शकतो. त्यात पेनकिलरने दुखणं दबतं पण सांधा आतून झिजत राहतो, त्याला मेथोट्रेक्सेटसारखी वेगळी औषधं लागतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितका सांधा वाचतो, तेव्हा महिनोन्‌महिने गोळ्यांवर काढू नका, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.