तिसरी आलेली घोडी

डिसेंबरात नाशिकहून आम्ही काही घोडेप्रेमी पंचवटी एक्सप्रेसने महालक्ष्मीच्या शर्यती पाहायला गेलो होतो. तिथे पहिल्यांदाच धावणारी दोन वर्षांची एक घोडी तिसरी आली आणि परतीच्या गाडीत मंडळींनी तिच्यावर फुली मारून टाकली. मला मात्र विजेत्यापेक्षा तीच पुढे नाव काढेल असे वाटते.

शर्यत १२०० मीटरची होती. गेट उघडताच ती बावचळली, वळणावर रेलिंगच्या कडेला कोंडली गेली आणि अखेरच्या सरळ टप्प्यात वाट मोकळी झाल्यावर, जॉकीने चाबूक न उगारता नुसत्या हातांनी इशारा देताच, तिने टापा लांबवल्या. पुढचे घोडे दमत होते, पण तिचा वेग शेवटपर्यंत टिकला. विजेत्यापासून ती तीन लांबी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढे अंतर) मागे राहिली, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. तेवढा वेळ तर तिने गेटपाशीच गमावला होता.

आमच्या उत्तर महाराष्ट्रात सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना अंगावरचे केसांचे भोवरे आणि रंग बारकाईने पाहतात. शर्यतीच्या घोड्याची मात्र चाल पाहावी लागते. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात, ती फिरत असताना तिचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडत होता, ही लांब पावलाची खूण मला फार आवडली. मात्र तिचा मागचा भाग अजून खांद्यापेक्षा उंच दिसतो, म्हणजे अंगाची वाढ चालू आहे. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ साधारण दोन ते अडीच वर्षांच्या वयात पूर्ण होते. आपल्याकडे शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचे वय जन्मवर्षाच्या १ जानेवारीपासून धरले जात असल्याने एप्रिलअखेर जन्मलेल्या या घोडीला तिच्याहून काही महिन्यांनी मोठ्या घोड्यांशी बरोबरी करावी लागली, ही गोष्ट निकाल वाचताना कोणी लक्षात घेत नाही.

तिची आई लांब पल्ल्याची होती, बाप मात्र कमी अंतरावर वेगवान. त्यामुळे २४०० मीटरचा दम तिच्यात आहे का, हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. घाई करण्याचेही कारण नाही, कारण फक्त माद्यांसाठी असलेल्या मोठ्या शर्यतींपैकी इंडियन वन थाउजंड गिनीज तीन वर्षांच्या माद्यांसाठी १६०० मीटरची असते आणि २४०० मीटरची इंडियन ओक्स तर चार वर्षांच्या माद्यांची. एखादी छोटी शर्यत पदरात पाडून घेण्यासाठी या कोवळ्या पायांना आत्ताच पुन्हा पुन्हा हजार मीटर पळवले, तर नळीच्या हाडाचे दुखणे मागे लागेल, आणि तसे झाले तर मला मनापासून वाईट वाटेल.

पावसाळ्यात पुण्याच्या हंगामात ती १४०० किंवा १६०० मीटर धावेल तेव्हा मी दोनच गोष्टी पाहणार आहे. सुरुवातीला लगामाशी न झगडता ती घोळक्यामागे शांत राहते का, आणि गेटमधून सरळ निघते का. पहिली जमली तर ओक्सचा विचार करता येईल. दुसरी जमली नाही, तर डिसेंबरातला तो गोंधळ नवखेपणाचा नव्हता, सवयीचा होता, असे मानून मला माझे मत बदलावे लागेल.