ओटा रिकामा, आणि थर्मासला कायमचा मसाल्याचा वास

मंडळी, जमलं! माणसं जमली तरी बायका ओट्याशी अडकू नयेत हा माझा खटाटोप, आणि मिसळीचा रस्सा थर्मासमध्ये भरून तो एकदाचा साधला. रविवारी सकाळी घर भरलेलं होतं, मोठी माणसं आणि पोरंटोरं जवळपास निम्मी निम्मी, आणि ओट्यापाशी कुणीही नव्हतं. सासूबाईसुद्धा नाहीत. त्या चक्क हॉलमध्ये मांडी घालून पत्ते पिसत होत्या. शेजारच्या काकू सवयीने दोनदा स्वयंपाकघरात डोकावल्या, करायला काही सापडलं नाही, परत आल्या.

मागचं आठवत असेलच. घरी माणसं जमली की तीन बेटं तयार होतात: पुरुष हॉलमध्ये, बायका ओट्याशी, मुलं आतल्या खोलीत मोबाईलवर. मोबाईल टोपलीत जमा करायचा उपाय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी करून पाहिलाय. माझ्याकडे मुलं त्या टोपलीभोवतीच बसून राहिली होती. तेव्हापासून मी म्हणतेय, आधी ओटा सोडवा. बायका बाहेर आल्या की गप्पांना जान येते, आणि गप्पा रंगल्या की पोरं आपोआप कान टवकारून बाहेर येतात.

आता मूळ दुखणं. रविवारी घरी गप्पांचा कट्टा म्हणजे मिसळ. नाशकात रविवारी सकाळी बोलावून पोहे ठेवले तर लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण पुढच्या वेळी खाऊन येतात. एकाच पातेल्यातून पाच वर्षांच्या पोरीपासून ‘अजून झणझणीत’वाल्या दिरापर्यंत सगळ्यांना वाढता यावं म्हणून मी तर्री वेगळी करायला लागले, ते लिहिलं होतंच. तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, जरा दम खाऊन मग ब्याडगी मिरचीची पूड घालायची, म्हणजे ती करपत नाही आणि रंग सुटतो. दिरासाठी वेगळ्या वाटीत जहाल लवंगी मिरचीची तर्री. तिखटातला कॅप्सेसिन तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे तर्री बाजूला राहिली की खालचा काळ्या मसाल्याचा रस्सा मुलं आवडीने भुरकतात. (तिखट लागलेल्या पोराला पाणी देणाऱ्या आज्यांना हे कुणीतरी समजावा. दही द्या, दही!)

पण तर्री काढल्यापासून रस्सा भराभर गार व्हायला लागला. आधी मला वाटलं थंडीचे दिवस, आपल्याकडे निफाडचा वारा, होणारच. मग एकदा दोन सारखी पातेली शेजारी ठेवली, एक तर्रीसकट आणि एक बिनतर्रीचं, आणि थर्मामीटर घालून बसले. बिनतर्रीचं स्पष्ट मागे पडलं. तेलाचा थर पृष्ठभागावरची वाफ अडवतो आणि उष्णता जाते ती मुख्यतः त्या वाफेबरोबरच. म्हणजे मिसळीची तर्री ही चवीपुरती नाही, ती रश्याचं झाकण आहे. पोरांसाठी मी झाकणच काढून टाकलं होतं! शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझा रस्सा दुसऱ्या वाढपाच्या आतच त्याखाली जायचा. मग कुणीतरी ‘जरा गरम करून आणते’ म्हणून उठायचं, तिच्या मागे दुसरी, आणि ओट्याचं बेट पुन्हा वसायचं.

गॅसच हॉलमध्ये न्यावा म्हणून इंडक्शनकडे वळले. घरातलं मोठं पातेलं हिंदालियमचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच जातीचं, त्याला इंडक्शन ओळखतच नाही. कल्हईचं पितळी? तेही नाही. तळाला चुंबक चिकटलं पाहिजे. म्हणून फ्रिजवरचं एक चुंबक पर्समध्ये टाकून भांडी बाजार गाठला. दुकानदार उत्साहाने दाखवतोय, ‘ताई, हे बघा, चिकटतच नाही. एक नंबर माल.’ मी म्हटलं, ‘दादा, मला चिकटणारंच हवंय.’ त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी नासकं दूध मागतेय. तसं त्याचं चुकत नव्हतं. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं चांगलं स्टील सहसा चुंबकाला दाद देत नाही, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक चुंबक लावतं ते हलका माल पकडायला. शेवटी सँडविच बॉटमचं, म्हणजे तळाला चुंबक चिकटणारा जाड थर असलेलं, एक मिळालं. भांड्यांसाठी माझं मत अजून भांडी बाजारालाच. कॉलेज रोडच्या चकचकीत दुकानांत भांड्याचा तळ वाजवून बघू देत नाहीत.

पातेलं आलं, तर पॉइंट नाही. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला साडेआठ अँपिअरच्या वर ओढते आणि हॉलमध्ये टीव्हीजवळचे सगळे सॉकेट ६ अँपिअरचे. सोळाचा एकच, तो एसीचा, छताजवळ. इलेक्ट्रिशियनने भिंत फोडायचा जो आकडा सांगितला तो मी नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. कोळशाची शेगडी हॉलमध्ये आणायची सूचना दिराची. ती मी तिथेच मोडून काढली. बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वाससुद्धा नसतो.

मार्ग सापडला तो एका साखरपुड्यात. चहाच्या टेबलावर केटरिंगवाल्यांचा नळाचा मोठा स्टील थर्मास होता. चहा तासभर तरी तिथे असेल, तरी जीभ पोळली. आणि डोक्यात आलं, अरे, आपण मिसळीत उसळ आणि रस्सा वेगळेच ठेवतो! मटकी पातेल्यात, झाकून, गोधडीत गुंडाळून. ती घट्ट असते, लवकर निवत नाही. पातळ रस्सा थर्मासमध्ये. वायर नको, पॉइंट नको, फोडाफोडी नको.

भाड्याने आणायला गेले तर दुकानदाराने आधी विचारलं, ‘चहाच ना?’ खरं सांगितल्यावर थर्मास आत नेऊन ठेवला. त्यामुळे पाच लिटरचा विकतच घेतला. पहिल्या चाचणीत नळ दोन कपांत तुंबला. भाजलेल्या खोबऱ्याचे तंतू. आता कांदा-खोबऱ्याचं वाटण दोनदा फिरवते आणि रस्सा उकळल्यावर मोठ्या गाळणीतून गाळते. गाळ फेकायचा नाही, तो उसळीत जातो आणि उसळ झकास होते. थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं तापवायचा, मग ते पाणी ओतून रस्सा. साडेदहाला भरलेला, बाराला मोजला तर ७८ अंश. मी तो आकडा घरभर दाखवत हिंडले.

एक कटकट राहिलीय: मसाला तळाशी बसतो आणि नळ खालीच असतो. पहिल्या वाट्या दाट, शेवटच्या पाणीदार. सध्या लांब दांड्याच्या लाकडी डावाने अधूनमधून ढवळायचं काम मोठ्या भाचीकडे दिलंय. नळ फक्त दहाच्या वरच्या मुलांनी सोडायचा, वाटी टेबलावर ठेवूनच, हातात धरून नाही. पण गंमत बघा, नळ म्हटल्यावर मुलं आतल्या खोलीत थांबेचनात. बारा वर्षांचा एक पठ्ठ्या, जो एरवी ‘हं’ च्या पुढे बोलत नाही, तो प्रत्येकाला ‘तर्री किती? शून्य, अर्धा की काका?’ विचारत होता. ‘काका’ म्हणजे दिराची लवंगी. हे नाव आता पक्कं झालंय.

पापड आदल्या रात्रीच तळून डब्यात. पाव कोपऱ्यावरच्या बेकरीचे, सकाळी पहिल्या घाण्याचे. जिलबी विकतची, त्यावर चर्चा नको.

खाणं झाल्यावर बदाम सात, जोड्या पाडून: एक मोठं, एक छोटं, मिळून एकच हात. बदाम सत्तीपासून सुरुवात आणि पुढे वर-खाली क्रमाने, त्यामुळे एक ते तेरा येणारं कुणीही खेळू शकतं. पान अडवून धरायची लबाडी मात्र मोठ्यांनी शिकवायची. नवा व्यापार मी आता काढतच नाही. तो संपत नाही, आणि दिवाळं निघालेलं पोर रडत मोबाईलकडे जातं.

पुढचा बेत हॉलमधल्या पॉइंटचा होता. पण आता हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय, थर्मासला वायर नाही म्हणजे तो गच्चीवर जाऊ शकतो! संक्रांत तोंडावर आहे. येवल्याहून पतंग मागवायचे, साधा सुती मांजा (नायलॉनला बंदीच आहे, आणि बरंच आहे), आणि मिसळ सरळ वर. पलीकडच्या इमारतीतल्या बाळाचं बोरन्हाणही त्याच दिवशी करू म्हणतायत, म्हणजे चुरमुरे, बोरं, हलवा यांचा मारा आणि वर पतंग. इलेक्ट्रिशियन रद्द. दुसरा थर्मास घेऊन त्यात कोजागरीचं मसाला दूध भरायचाही विचार आला होता, पण साय नळात अडकणार हे उघड आहे. त्यावर कुणी काही केलं असेल तर सांगा.

आणि हो, नळाचा रबरी वॉशर गरम तेलकट रश्याने सैल पडायला लागलाय. सुटा वॉशर नाशकात कुठे मिळतो? भांडी बाजारात दोघांनी ‘पूर्ण नळच बदला’ म्हणून सांगितलं. मला ते पटलेलं नाही. संक्रांतीच्या आधी हवाय.