बर्फातली हवा

आज आमच्या सातवीच्या वर्गाचा, ध्रुवीय मोहिमेवर जाऊन आलेल्या एका संशोधक ताईंशी व्हिडिओ कॉल झाला. पेंग्विन, वादळं, सहा महिन्यांची रात्र, सगळं ऐकून झालं. मग त्यांनी हिमनदीतल्या बर्फाचा तुकडा पाण्यात टाकला आणि माईक जवळ नेला. तडतड, तडतड! शेकडो वर्षं कोंडलेली हवा बुडबुड्यांतून सुटत होती. वर्ग चिडीचूप.

अंटार्क्टिकात डोम सी इथे ३ किलोमीटरहून खोलवरून काढलेल्या बर्फात तब्बल ८ लाख वर्षांची हवा जपलेली आहे. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत साधारण ३०० च्या वर गेला नव्हता. आज तो ४२० च्या पुढे आहे. हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलं वहीत उतरवून घेतात, संपलं.

आज मात्र मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उठली. "ताई, आपण आत्ता सोडतोय ती हवापण त्या बर्फात जाणार?"

हो, जाणार. बर्फावर बर्फ साचतो, भाराने दबतो आणि मधली हवा कोंडली जाते.

घंटा झाली तरी कुणी हललं नाही. अशा मोहिमा प्रत्येक शाळेपर्यंत पोचायला हव्यात, अगदी मनापासून वाटतं. जाताना ती मला विचारत होती, तिथे जायचं तर काय शिकावं लागतं?