‘शे’चं ‘आहे’ करू नको

गेल्या महिन्यात एका गुरुवारी रात्री नऊ वाजता, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी सकाळी साडेसहाला, माझ्या लेकीनं तिच्या आजीला व्हिडिओ कॉल लावला. माय ओट्यावर बसलेली होती, मागून पाणी भरल्याचा आवाज येत होता. लेकीनं आधी संमतीपत्र मराठीत समजावून सांगितलं: हे रेकॉर्ड होईल, लिहून काढलं जाईल, तुला नको असेल तो भाग झाकून ठेवता येईल. माय म्हणाली, “माले काय इचारस व? मी काय शिकेल शे?” आणि पुढे बावन्न मिनिटं बोलत राहिली.

हा अभ्यास होता. कॉलेजचा, मार्कांचा.

आम्ही पूर्व टेनेसीत राहतो. हा ॲपलाचिया नावाच्या डोंगराळ पट्ट्याचा भाग. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून खाली मिसिसिपीच्या उत्तरेपर्यंत, 13 राज्यांत पसरलेला. सरकारी हिशेबानं 423 काउंट्या. कोळशाच्या खाणी, तंबाखू, बँजो आणि फिडल, आणि गरिबी. उरलेल्या अमेरिकेनं इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या अडाणी डोंगरी म्हणून हसायचं ठरवलेलं आहे. लेकीनं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घेतलं ते याच प्रदेशाच्या अभ्यासाचं. माझ्या भावानं फोनवर पहिला प्रश्न विचारला, “हे शिकीसन करशील काय?” त्याला सांगितलं तेच इथं सांगते: हे शिकलेली मुलं पुढे संग्रहालयांत, अभिलेखागारांत, शाळांत, राष्ट्रीय उद्यानांत, काउंटीच्या कचेऱ्यांत कामाला लागतात, आणि लेकीनं सोबत सार्वजनिक आरोग्य हा दुसरा विषय घेतलेला आहे. डोंगरातल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारी आरोग्यसेविका कुणाला नको असते? असो, आमचा निर्णय झालेला आहे.

अभ्यासक्रमाचा कागद मी दोन वेळा वाचला. चार वर्षांत 120 क्रेडिट. त्यातला मोठा हिस्सा सगळ्यांना सारखा: लेखन, गणित, विज्ञान, इतिहास. मेजरचे 36, त्यातले निम्म्याहून जास्त वरच्या वर्गांचे, आणि प्रत्येकात किमान सी ग्रेड. प्रदेशाची तोंडओळख, इतिहास, साहित्य सक्तीचं. मग खाणी-जंगल-अर्थकारण या गटातून दोन विषय. संगीत, धर्म, लोकजीवन, बोली यातून दोन. चेरोकी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांचा इतिहास. फील्डवर्क कसं करायचं याचा एक पेपर. शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रकल्प. आणि बी.ए. आहे म्हणून परक्या भाषेची चार सेमिस्टर, नाहीतर तेवढी भाषा येते हे परीक्षा देऊन दाखवायचं. याच्यात अंगावर येण्यासारखं काही नाही. अंगावर आली ती फील्डवर्कच्या पेपरातली एक सूचना.

मुख्य मुलाखती इथल्याच डोंगरातल्या लोकांच्या घ्यायच्या. पण सरावाची पहिली मुलाखत आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची, तास-पाऊण तासाची, आणि ती शब्द न्‌ शब्द लिहून काढायची. लेकीला अहिराणी कळते अर्धीमुर्धी. म्हणून मी शेजारी बसले. ती थांबवायची, मी सांगायचे, ती टाइप करायची. आजी म्हणाली होती, “गंज गाना शेतस, रात पुरत नही.” लेकीला गंज म्हणजे पातेलं एवढंच माहीत, तिला वाटलं गाण्यांचा आणि पातेल्याचा काही विधी असेल. मी म्हटलं, “गंज म्हणजे खूप. लिही, खूप गाणी आहेत, रात्र पुरत नाही.” तिनं टाइप केलं नाही. म्हणाली, “मम्मी, तू बदलते आहेस.” मी म्हटलं, “अर्थ तोच आहे.” तिनं सूचनांचा कागद माझ्यापुढे सरकवला.

त्यात लिहिलं होतं, मी माझ्या शब्दांत देते: बोलणाऱ्यानं वापरलेला शब्द आणि व्याकरण बदलू नका. इथली माणसं ‘माइट कुड’ म्हणतात, ‘अ-गोइंग’ म्हणतात, दरीला ‘होलर’ म्हणतात, पिशवीला ‘पोक’ म्हणतात, ते तसंच ठेवा. ते व्याकरण चुकलेलं नाही, ते वेगळं व्याकरण आहे. पण उच्चार दाखवायचा म्हणून मुद्दाम मोडकंतोडकं स्पेलिंगही करू नका, त्यानं बोलणारा हास्यास्पद दिसतो. आणि मग, जाड अक्षरात: सुधारून लिहिलेली मुलाखत परत केली जाईल.

परत केली जाईल! मी तो कागद हातात घेऊन बसून राहिले. मला आयुष्यात जे जे परत मिळालं होतं ते सुधारलं नव्हतं म्हणून मिळालं होतं. चौथीत निबंधात “आमना घर गाय शे” असं लिहिलं म्हणून वहीवर लाल रेघ आली होती. गुरुजी वाईट नव्हते, तेही घरी हेच बोलायचे. पुढे पुण्यात हॉस्टेलला पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी म्हणाले, “मी मेसला जाऊ राहिले.” ती तर अहिराणीही नव्हती, आपली खान्देशी मराठी होती. खोलीतल्या मुली दोन वर्षं ‘जाऊ राहिले, खाऊ राहिले’ करत राहिल्या. त्यांच्यातल्या दोघी आजही माझ्या मैत्रिणी आहेत. पण मी पहिल्या सहा महिन्यांत बोलणं पार घासून काढलं, ‘शे’ गेलं, ‘ऱ्हायनी’ गेली, ‘माले-तुले’ गेलं. घरी एसटीडीवर मायशी बोलताना सुद्धा बूथमध्ये मागे कोण उभं आहे ते बघून बोलायचे.

आणि त्या टीव्हीवरच्या मालिका. गावाकडचा नोकर, भित्रा हवालदार, हे नेमके असं बोलायचे. त्या कागदातली दुसरी सूचना, स्पेलिंग मोडून हसू करू नका ही, मला जास्त लागली ती म्हणूनच. आपल्याकडे बोली लिहिली जाते तेव्हा कितीदा तरी ती ऐकवण्यासाठी नसते, हसवण्यासाठी असते.

आता तुम्ही विचाराल, मग तू तुझ्या लेकीला का नाही शिकवलीस? खरं कारण सांगते. नवरा यावलकडचा, त्याच्या घरी लेवा गणबोली. बहिणाबाईंची बोली. (त्यांची कविता अहिराणीत आहे असं अजून कितीतरी लोक म्हणतात. ती लेवा गणबोलीत आहे. दोन्ही बोलींवर अन्याय करू नका.) माझी अहिराणी, त्याची लेवा, मग घरात मधली म्हणून पुस्तकी मराठी आली. शिवाय परदेशात मुलांना मराठी टिकवणं हेच केवढं काम असतं हे इथे राहणाऱ्याला विचारा. रविवारी चाळीस मैल गाडी चालवून मराठी शाळेला नेलं आहे मी तिला, बर्फात नेलं आहे. तेव्हा ‘आहे’ शिकवू की ‘शे’ हा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच. मला आजही वाटतं मी जमेल तेवढं केलं.

फक्त तो फॉर्म भरताना हात अडखळला. मुलाखतीची भाषा, असा रकाना. लेकीनं ‘मराठी’ टाइप केलं होतं. मीच तिला आयुष्यभर तेच सांगितलं आहे. बाबांनीही जनगणनेच्या माणसाला हेच सांगितलं होतं. 2011 च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा सांगणारे, ज्यात अहिराणी धरलेली आहे, सुमारे 18 लाख 60 हजार निघाले. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या त्याच वर्षी 79 लाखांच्या घरात होती. त्यात भिली, पावरी, लेवा, गुजरी बोलणारे आहेत हे मान्य. तरी आमच्या घराची नऊ माणसं त्या 18 लाखांत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे.

लेकीनं रकान्यात ‘अहिराणी’ लिहिलं. मग तिला उमेद आली आणि तिनं ॲडव्हायझर बाईंना विचारलं, भाषेची चार सेमिस्टर मी अहिराणीवर भागवू का? परीक्षा घेता येणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी निघाली, अहिराणी नाही. बाईंनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे बोली सुधारू नका म्हणणाऱ्या विद्यापीठातही भाषेची सक्ती भागवायला प्रमाणभाषाच लागते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मागच्या लेखात मी इथलं कौतुक केलं तेव्हा काहींनी कळवलं की तुला तिकडचं सगळं गोड लागतं. नाही लागत. लेक मराठीची परीक्षा देणार आहे. बर्फातल्या रविवारचे तेवढे तरी क्रेडिट मिळतील.

आणि इथल्यांनी हे सगळं शोधून काढलं असंही नाही. जॉर्जियातल्या राबुन काउंटीत 1966 साली शाळकरी मुलांनी म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेऊन नियतकालिक काढलं, त्याचा इथे फार अभिमान आहे, असावाच. पण इंग्रजी अमदानीतल्या ग्रीअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या 1907 सालच्या खंडात खान्देशी आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरची वर्षं धुळ्यात काढली, 1926 मध्ये तिथेच गेले, त्यांची दप्तरं धुळ्यानं सांभाळली. आणि चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला किती जण गेला असाल, तिथला शिलालेख किती जणांनी वाचला? भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दिलेल्या देणग्या त्यात कोरल्या आहेत. साल सुमारे 1207. वरचा मजकूर संस्कृत आहे, पण खाली मठाला कुणी काय द्यायचं हे सांगायची वेळ आली तेव्हा लोकांची भाषा आली: बाजारात विकलेल्या मालावरचा कर, घाण्यामागे पळी पळी तेल. काय शिकवायचं ते ठरवलं आणि त्याचा खर्च गावच्या तेल्यांच्या घाण्यावर बसवला. आठशे वर्षांपूर्वी, आपल्या पाटणला!

म्हणून मला राग येतो तो आपलं काही नाही म्हणणाऱ्यांचा. आता तर कागदही सारखे झालेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यानं 2023 मध्ये आराखडा काढला: तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. त्यात मेजर, मायनर, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग असे रकाने आहेत. भाचीनं परवा तिचा कागद पाठवला, फील्ड प्रोजेक्टला काय घेऊ विचारत होती. तिला प्लास्टिक कचऱ्याचं सर्वेक्षण सुचवलं गेलं होतं. मी तिला लिहिलं, श्रावणात आपली खान्देशची देवी कानबाई बसेल तेव्हा रात्रभर जाग, आणि जी म्हातारी सगळ्यात जास्त गाणी म्हणेल तिच्याकडे दुसऱ्या दिवशी जा. ‘शे’चं ‘आहे’ करू नको, हेही लिहिलं. जळगावच्या विद्यापीठाला ज्या बाईंचं नाव आहे त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता लिहून घेणारं कुणीतरी घरात होतं म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

मायची मुलाखतही शेवटी कानबाईवरच आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवायची, नारळ सजवायचा, सोमवारी नदीवर न्यायची, हे तुम्हाला काय सांगू. माय रोटांचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याचं, सांगत होती, आमच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू कसे घेतात. बाबा गेले त्या वर्षी मूठ कमी करताना काय झालं तेही तिनं सांगितलं, मी ते पहिल्यांदा ऐकलं. मग लेकीनं विचारलं, “आजी, माझी मूठ टाकतेस का?”

सूचनेत असंही आहे की गप्प बसणं सुद्धा नोंदवायचं. अकरा सेकंद. मग माय म्हणाली, “टाकस ना व. कोनले सांगू नको.”

लेकीचं टाइप करणं थांबलं. मुलाखत विद्यापीठाच्या अभिलेखागारात जाणार, आणि आजी म्हणते कुणाला सांगू नको. तिनं तेवढा भाग झाकून ठेवायचं ठरवलं, पण मी म्हटलं, तिलाच विचारू. परत गुरुवार, परत रात्रीचे नऊ. माय भाकरी टाकत होती, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. लेकीनं विचारलं, ते वाक्य ठेवू का काढू. मायनं तव्यावरची भाकरी उलटली.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “आते कोन काय म्हनी?”

इथं लिहिण्याआधीही मी तिला विचारलं आहे.